परळ : गाठ, नस आणि एक खोल तुकडा

सकाळी ९. ओपीडीत पहिल्या मावशी लालबागच्या, मसाल्याच्या डंकावर काम करणाऱ्या. जिभेच्या कडेला गाठ. बोटाखाली सरकते, दुखत नाही, वरचं आवरण शाबूत. मिसरी मात्र रोजची. केसपेपर हातात घ्यायच्या आत त्यांनी विचारलं, "टाटाला जावं लागेल का?" परळमध्ये तोंडातल्या कुठल्याही गाठीसोबत टाटा या कॅन्सर रुग्णालयाचा हा प्रश्न येतोच. म्हटलं, "मावशी, तुकडा तपासल्याशिवाय मी होही म्हणणार नाही आणि नाहीही."

१०:३०. बायोप्सी. तुकडा खोल घ्या, हे मी शिकाऊ डॉक्टरांना सतत सांगते. नुसता वरचा पापुद्रा फॉर्मेलिनमध्ये टाकून काही कळत नाही.

दुपारी १२. पॅथॉलॉजी. आजचा खरा तास हा. गिरगावातल्या एका तरुणाच्या जिभेच्या गाठीचा बाहेरचा रिपोर्ट 'कॅन्सरचा संशय' असा होता. ती स्लाइड पाहिली. आवरणाच्या पेशी खाली घुसल्यासारख्या दिसतात खऱ्या, पण तुकडा तिथेच संपतो. आमच्या खोल तुकड्यात त्यांच्या खाली मोठ्या, दाणेदार पेशी आहेत आणि एस-१०० या प्रथिनाच्या तपासणीत त्या तपकिरी रंगल्या आहेत. म्हणजे ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. ही गाठ आपल्यावरचं आवरण असं वाढवते की ते हुबेहूब कॅन्सर वाटावं. मॉस्कोच्या अब्रिकोसॉव यांनी १९२६ साली तिचं वर्णन केलं, त्याच वर्षी परळमध्ये केईएम रुग्णालय सुरू झालं. त्यांना ती स्नायूतून आली असं वाटलं होतं; ती चेतातंतूंभोवतीच्या श्वॉन पेशींची, हे पुढे कळलं. वरवरच्या तुकड्यावर विसंबलो असतो, तर या मुलाच्या जिभेचा मोठा भाग आणि मानेतल्या लसिकाग्रंथीही गेल्या असत्या. मला या कामात याहून मोठी भीती कसलीच वाटत नाही.

२:३०. मायनर ओटी. जिभेचा श्वॉनोमा, म्हणजे श्वॉन पेशींचीच दुसरी गाठ, आधीच निदान झालेला. त्याला स्वतःचं वेष्टण असतं आणि नस बाजूने जाते, म्हणून ती राखून गाठ सोडवता येते. जिभेत पुष्कळदा मूळ नस सापडतही नाही; आज दिसली, वाचली. न्यूरोफायब्रोमा या नसेच्या आणखी एका गाठीत तंतू आतूनच जातात, तिथे हे जमत नाही. शिवाय ती आनुवंशिक आजाराचा भाग असू शकते, म्हणून तोंड पाहून झालं की अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, हेही बघायचं. सहा किंवा जास्त असले, तर घरच्यांचीही चौकशी करायची.

५. गिरगावचा मुलगा आईला घेऊन आला. "कॅन्सर नाही," हे आधी सांगितलं, बाकीचं नंतर. आईने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. गाठीभोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन ती पूर्ण काढायची, कारण अर्धवट राहिली तर परत येऊ शकते. जुनी स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक जपून ठेवायला सांगितलं, ऑपरेशनसाठी सोमवारची तारीख लिहून दिली.