बुडालेल्या जंगलातला मासा

ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी दर वर्षी साधारण 10 मीटर वर जाते आणि पुन्हा तेवढीच खाली येते. पाणी चढायला लागलं की काठावरचं जंगल हळूहळू बुडतं. आधी बुंधे जातात, मग खालच्या फांद्या, आणि महिन्यांमागून महिने झाडं तशीच पाण्यात उभी राहतात. न कुजता, न मरता. पूर ओसरला की मासे काठाशी कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांत दाटीवाटीने आसरा घेतात. डिस्कस हा त्यांतलाच एक. दोन्ही बाजूंनी दाबून चपटा केल्यासारखा, समोरून पाहिला तर जेमतेम एक उभी रेघ दिसावी असा. काचेच्या पेटीत हा आकार शोभेचा वाटतो, पण तो घडला आहे फांद्यांच्या बेचक्यांतून आडवं-तिडवं सरकण्यासाठी.

या नदीच्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग असतो. वाळवंटासारख्या निकस मातीत पडलेला पालापाचोळा पूर्ण कुजत नाही आणि त्यातली आम्लं पाण्यात उतरतात. पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, पीएच 4 ते 5 च्या आसपास. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट 1800 साली या भागात फिरला तेव्हा काळ्या पाण्याच्या नद्यांवर डास फारसे नाहीत, ही गोष्ट त्याने कौतुकाने टिपून ठेवली होती. डासांनी हैराण झालेल्या माणसाच्या लक्षात दुसरं काय येणार?

आता गंमत अशी की या काळसर पाण्यात ऊनही फार खोल पोचत नाही आणि खतही नाही. त्यामुळे बुडून वाढणारी हिरवी पाणवनस्पती तिथे फारशी दिसत नाही. फांद्या, पानांचे थर, अंधार, बस. म्हणजे डिस्कसच्या टँकची जी छायाचित्रं पाहून आपण हरखतो, दाट हिरव्या पात्यांतून निळे-केशरी मासे संथ फिरताहेत, तसं दृश्य रिओ नेग्रोत शोधून सापडायचं नाही. माणसाने ही जोडणी स्वतःच्या हौसेने केली आहे. मला ती खऱ्या नदीइतकीच थक्क करणारी वाटते, कारण एकमेकांशी न पटणाऱ्या गरजा एका काचेत नांदवायच्या असतात.

पहिलं न पटणं उष्णतेचं. डिस्कसला 28 ते 30 अंश सेल्सिअस पाणी लागतं. त्याहून थंड पाण्यात त्याची भूक मंदावते आणि रोग बळावतात. पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या वर, तर 30 अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उबेने माशाचा आणि जिवाणूंचा श्वास मात्र वाढलेला असतो. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री त्याही तो ओढू लागतात. म्हणून अशा टँकमध्ये पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवावा लागतो, आणि झाडं झपाट्याने वाढावीत म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडणाऱ्याने हात आखडता घ्यावा लागतो.

उष्णतेमुळे झाडांची निवडही आक्रसते. थंड पाण्यातली नाजूक, लालसर झुडपं इथे लांबट, विरळ होऊन झडतात. टिकतात ती चिवट. अॅमेझॉन सोर्ड हे मुळात दलदलीचं झाड, ते मुळांनी खातं, म्हणून त्याच्या खाली वाळूत खताच्या गोळ्या पुरायच्या. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधायचे, त्यांचं खोड वाळूत पुरलं की ते सडतं. शिवाय व्हॅलिस्नेरियाच्या लांब फिती आणि क्रिप्टोकोरायनी. यातला अनुबियास पश्चिम आफ्रिकेचा, जावा फर्न आग्नेय आशियाचा, आणि क्रिप्टोकोरायनीची स्पायरालिस ही जात तर आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओढ्या-पाणथळींत उगवते. अॅमेझॉन म्हणून मांडलेल्या पेटीत निम्मा भूगोल भलताच असतो, आणि डिस्कसला त्याचं काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमधल्या स्पंजावर, खड्यांवर वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर मासे आणायचे नाहीत. शंभरेक वर्षं असं मानलं जात होतं की ही दोन कामं दोन वेगवेगळे जिवाणू वाटून घेतात. 2015 मध्ये नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एकट्याने करतात, असं दाखवून देण्यात आलं, आणि ते ज्या ठिकाणी सापडले त्यांतलं एक ठिकाण होतं मत्स्यपालनाच्या पाण्याचा फिल्टर!

याच ठिकाणी पाण्याच्या आम्लतेचा एक डाव समजून घ्यायला हवा. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप बरंच निरुपद्रवी आहे. पीएच 7 च्या वर सरकू लागला, त्यातून पाणी गरम असलं, की तोच साठा विषारी रूपात पालटतो. जुन्या, आम्ल झालेल्या टँकमध्ये कुणी कळवळून बोअरिंगचं जड, पीएच चढवणारं पाणी भसकन ओतलं तर साफसफाईच्या दिवशीच मासे का दगावतात, त्याचं हे एक कारण. पाणी बदलायचं तर दर आठवड्याला, तिसरा हिस्सा ते अर्धं, त्याच तपमानाचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रात्रभर बादलीत ठेवलं तर उडून जातं, क्लोरामाइन जात नाही. त्यासाठी औषधच घालावं लागतं.

मासे किती? 300 लिटरला पाच-सहा, त्याहून कमी नकोत. डिस्कसमध्ये मानपान कडक असतो. दोन-तीनच ठेवले तर सगळा मार एकट्या दुबळ्यावर येतो, सहा असले की तो वाटला जातो. लहान पिल्लं आणण्याचा मोह टाळावा. त्यांना दिवसातून चार-पाचदा खायला लागतं, त्याची घाण झाडांच्या बुडाशी साठते आणि पिल्लं खुरटतात. सोबतीला कार्डिनल टेट्रा उत्तम, तोही रिओ नेग्रोचाच. त्या नदीवरच्या बार्सेलोस गावात शोभेच्या माशांचा उत्सव भरतो, आणि तिथे दोन संघ एकमेकांना भिडतात: एक कार्डिनलचा, एक डिस्कसचा. काचेला चिकटून शेवाळ खाणारे चोषक मासे मात्र सांभाळून. त्यांतल्या काहींना डिस्कसच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची चटक लागते. पाण्याला रंग हवा असेल तर देशी बदामाची वाळलेली पानं टाकावीत. मुंबईत कॉलनीच्या आवारात ती झाडून जाळली जातात, आणि मत्स्यालयाच्या दुकानात तीच पाकिटात मिळतात.

मासा बरा आहे की नाही, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बहुतेक डिस्कसना नऊ उभे पट्टे असतात. बिथरला की गडद, निवांत असला की पुसट. निसर्गसंशोधक योहान नाटररने ब्राझीलमध्ये जमवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या हेकेल या मत्स्यतज्ज्ञाने 1840 मध्ये ज्या जातीचं वर्णन केलं, तिच्यात पहिला, पाचवा आणि नववा पट्टा ठसठशीत असतो. थायलंडमध्ये पैदा केलेल्या ‘पिजन ब्लड’ वाणात हे पट्टेच नाहीसे झाले. मासा देखणा झाला, पण त्याचा मूड ओळखायची खूण गेली. मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

आणि आता तो बुळबुळीत थर. अंड्यांतून पिल्लं अडीचेक दिवसांत बाहेर येतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पोहू लागतात, आणि पोहताच आई-बापाच्या अंगाला जाऊन भिडतात. ती त्यांच्या कातडीवरचा स्राव कुरतडून खातात. दोघांच्याही, बापाच्यासुद्धा. एकाला कंटाळा आला की तो अंगाला झटका देतो आणि अख्खा थवा दुसऱ्याच्या अंगावर जातो. हिल्डेमान या संशोधकाने 1959 मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. 2010 साली बक्ली आणि सहकारी संशोधकांनी हा स्राव तपासला, तर अंडी घातली जाताच त्यातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढलेली आढळली. त्याहून चकित करणारं पुढे आहे. पहिले दोन आठवडे आई-बाप निमूटपणे अंग देतात. तिसऱ्यात ते पिल्लांपासून थोडा थोडा वेळ दूर पोहायला लागतात, आणि महिना भरेपर्यंत पिल्लं बाहेरचं खायला शिकतात. हौशी लोक या स्रावाला सरळ डिस्कसचं दूध म्हणतात.

हे सगळं झाडांच्या टँकमध्ये क्वचितच पार पडतं. जोडी सोर्डच्या रुंद पानावर, कधी हीटरच्या नळीवरही अंडी घालते, आणि रात्री टेट्रा ती फस्त करतात. म्हणून पैदाशीसाठी जोडीला वाळू नसलेल्या, मोकळ्या काचपेटीत हलवतात आणि आत मातीचा एक उभा शंकू ठेवतात. पहिल्या काही खेपांना आई-बाप स्वतःच अंडी खातात. अशा वेळी जोडी फोडायची नाही. बहुतेकींना चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत जमायला लागतं.