मेअरश्वाइनशेन: डुकराच्या नावात समुद्र कुठून आला?

गिनी पिगला जर्मन माणूस 'मेअरश्वाइनशेन' म्हणतो. मेअर म्हणजे समुद्र, श्वाइन म्हणजे डुक्कर आणि 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. पण हा प्राणी उंदीर-खारींच्या गणातला आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. मग त्याच्या नावात समुद्र आणि डुक्कर का?

जर्मन जोडशब्द शेवटाकडून उलगडावा. शेवटचे पद मुख्य असते, शब्दाचे लिंगही तेच ठरवते. 'शेन' लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्दसुद्धा त्यातून सुटत नाही! डुकराचा उलगडा सोपा आहे: गुबगुबीत अंग, आखूड पाय आणि किंचाळण्याचा आवाज. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीयसने 1758 मध्ये या प्राण्याला दिलेल्या 'पोर्सेलस' या लॅटिन नावाचा अर्थही डुकराचे पिल्लू असाच होतो.

खरी गंमत समुद्राची आहे. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'मेरस्वीन' हा शब्द आधीपासून होता, पण तो डॉल्फिनसारख्या जलचरांसाठी. तिथे विग्रह सरळ होतो: समुद्रातले डुक्कर. सोळाव्या शतकात अमेरिकेतून जहाजांनी हे छोटे प्राणी युरोपात आणले आणि तोच तयार शब्द त्यांना मिळाला. विग्रह मात्र पालटला: समुद्रापलीकडून आलेले डुक्कर.

शाळेत आपण मध्यमपदलोपी समास शिकतो. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. 'घालून केलेला' हे शब्द गळालेले असतात आणि ऐकणारा ते मनात भरून घेतो. जर्मन जोडशब्दही दोन पदांमधले नाते असेच गाळतो, म्हणून तेच नाव डॉल्फिनकडून गिनी पिगकडे जाऊ शकले. मला या शब्दात सर्वांत मोलाची वाटते ती ही गाळलेली जागा.

'पलीकडून आलेले' हा अर्थ तेव्हा नवाही नव्हता. आफ्रिकेतल्या लांब शेपटीच्या माकडांना जर्मन लोक गिनी पिग येण्याच्या कितीतरी आधीपासून 'मेअरकात्सं' म्हणत, म्हणजे समुद्रमांजर. डच भाषेतला त्याचा भाऊबंद 'मेअरकात' दक्षिण आफ्रिकेत पोचला आणि तिथल्या मुंगसाच्या कुळातल्या एका प्राण्याला चिकटला. इंग्रजीतला 'मीरकॅट' तो हाच. जर्मन लोक मात्र त्या प्राण्याला 'एर्डमेनशेन' म्हणतात, म्हणजे जमिनीतला छोटा माणूस.