पुढचे मागे, मागचे पुढे
आपली गाडी, आपले रस्ते : लेखांक सातवा

दादर स्टेशनबाहेरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रांगेत वॅगनआर आणि ईको अनेकदा मागेपुढे उभ्या असतात. दोन्ही मारुतीच्याच गाड्या, पण वॅगनआरला पुढची चाकं ओढतात आणि ईकोला मागची ढकलतात. त्यामुळे दोघींचे टायर सारखे झिजत नाहीत, आणि म्हणूनच ते फिरवण्याची रीतही एक नाही.

मुंबईला अनेक दशकं सवय होती ती मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी तशीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीला असलेली २० वर्षांची मर्यादा संपल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून गेली. त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९८३मध्ये, पुढच्या चाकांवर चालणारी मारुती ८०० आली होती. आज सोसायटीत उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्या याच घराण्यातल्या.

या गाड्यांत पुढच्या दोन टायरांवर फार कामं पडतात. इंजिनाचं वजन त्यांच्यावर, गाडी ओढायची त्यांनी, वळायचं त्यांनी, आणि ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो तोही त्यांच्यावरच. लालबाग ते परळ दर दोन मिनिटांनी थांबत जाणारी गाडी हे सगळं दिवसभर करते. गिरगावात त्यात आणखी एक भर पडते. वाडीतल्या चिंचोळ्या जागेत गाडी घालताना आपण ती उभी ठेवून स्टिअरिंग पिळतो, तेव्हा पुढच्या टायरचं रबर जागच्या जागी जमिनीवर घासतं. गाडी किंचित सरकती ठेवून स्टिअरिंग फिरवलं, तर हे घासणं बरंच कमी होतं.

आता अदलाबदल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची दोन चाकं सरळ मागे, आपापल्याच बाजूला जातात. मागची पुढे येताना बाजू बदलतात : मागचं डावं पुढे उजवीकडे, मागचं उजवं पुढे डावीकडे. ईकोसारख्या गाडीत याच्या उलट. मागची सरळ पुढे, आणि पुढची मागे जाताना बाजू बदलून. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढचं मागे आणि मागचं पुढे एवढंच करायचं. स्टेपनी बाकी चार चाकांच्याच मापाची असेल, तर तिलाही फेऱ्यात घ्या. डिकीत पडून रबर नुसतंच म्हातारं होतं. बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी या फेऱ्यात कधीच घ्यायची नाही. साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला हे काम करावं. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच खरा.

माझा खरा आग्रह वेळेचा आहे. पुढचे टायर गोटा व्हायला आले की अनेकांना रोटेशन आठवतं, आणि ते झिजलेले टायर मागे ढकलले जातात. हे धोक्याचं आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. वेग कमी केला की बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिथे चांगले ड्रायव्हरही हतबल होतात. म्हणून गाडीला दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागे बसवा. एसटीच्या गाड्यांत पुनःस्तरण केलेले टायर मागे लावतात, हे उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं. पण बसच्या मागच्या आसाला चार टायर असतात आणि पुढे प्रत्येक बाजूला एकच. पुढचा फुटला तर स्टिअरिंगच हातातून जातं. बसचा न्याय मोटारीला लावू नये.

चाकं उतरवण्याआधी टायरवरून तळवा फिरवा. मधोमध झीज असेल तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्या. हे दुरुस्त न करता चाकं फिरवली, तर दोन टायरांचं दुखणं चौघांना लागतं. रोटेशनने झीज वाटली जाते, थांबत नाही.

टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते. नक्षी झिजून उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पण आपल्या पावसात तिथवर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात गाडी हळूच जाते. कोस्टल रोडवर वेगात असताना मात्र टायरखालचं पाणी बाहेर काढायला खोल खाचाच लागतात. ३ मिलिमीटर उरले की नवे टायर बघायला लागा.

काम झाल्यावर दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्या, कारण काही गाड्यांत पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले जात आहेत ना, ते उभं राहून पाहा. आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालली की ते नट पुन्हा एकदा तपासून घ्यायला विसरू नका.