स्वेटर लोकरीचा की नुसत्या नावाचा?

दिवाळी सरली, कळंब परिसरातल्या उसाच्या फडांवर पहाटे धुकं उतरू लागलं, की पेटीतले स्वेटर बाहेर निघतात. बाजारात नवेही घेतले जातात. घेताना आपण रंग बघतो, मऊपणा बघतो, भाव करतो. पण तो कशाचा आहे हे विचारतो का? थंडीत आपण चुलीपुढे बसतो, पोरं शेकोटीभोवती गोळा होतात. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

विणकाम करणाऱ्या बायांना 'कॅशमिलॉन' हे नाव माहीत आहे. ऐकायला ते 'कॅशमीर'सारखं वाटतं. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅशमीर, म्हणजे आपण जिला पश्मिना म्हणतो, ती लडाखच्या उंच, थंड पठारावरच्या शेळ्यांच्या अंगावरची आतली मऊ लव. तिचा तंतू आपल्या केसापेक्षा चार-पाच पट बारीक असतो. एका शेळीपासून वर्षाला मिळते जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम, म्हणून ती महाग. कॅशमिलॉन मात्र अ‍ॅक्रिलिक आहे, कारखान्यात तयार होणारा, प्लॅस्टिकच्याच जातीचा धागा. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, ऊबही देतो. त्यात वाईट काही नाही. पण आगीजवळ तो पेट घेतो, वितळतो आणि कातडीला चिकटतो. लोकर सहजासहजी पेटत नाही आणि वितळतही नाही.

खरी लोकर आपल्याला नवी नाही. तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, ते आपण पाहतोच. त्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिचा स्वेटर अंगाला टोचेल, पण घोंगडी मात्र उत्तम होते. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी थंडीत आणि पावसातही साथ देते.

आता ओळखायचं कसं? स्वेटरच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढा. चिमट्यात धरून, ताटलीवर, काडीने पेटवा. केस जळल्याचा वास आला, जाळ आपोआप विझला आणि राख बोटाने चुरली, तर लोकर. प्लॅस्टिकचा वास आला, धागा वितळून कडक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. वास केसाचा आणि मणीही झाला, तर मिश्रण. दुकानात हे करता येणार नाही. तिथे आतली चिठ्ठी वाचा. लोकरीचा भाव द्यायचा, तर चिठ्ठीवर लोकर लिहिलेली हवी.

लोकर म्हणजे केसच, तेव्हा तिला केसांसारखंच धुवा. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि दगडावरची घासाघीस यांनी ती आटते आणि घट्ट होते. आटलेला स्वेटर परत पहिल्यासारखा होत नाही. गार पाण्यात रिठ्याचा फेस करा, स्वेटर दहा मिनिटं बुडवा, हलक्या हाताने दाबा. पिळू नका. कोरड्या पंचात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लोंबतो. घोंगडीला वरचेवर धुणं नकोच. ती झटकून उन्हात टाकली की पुरे.

थंडी संपल्यावर मळका स्वेटर तसाच पेटीत टाकू नका. घामाच्या आणि खरकट्याच्या डागांवर कसर आधी लागते. धुऊन, पूर्ण वाळवून, घडी घालून ठेवा. मध्ये एकदा काढून ऊन द्या. डांबराच्या गोळ्या वापरल्या असतील, तर घालण्याआधी कपडे चांगले वाऱ्यावर टाका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नका.

घालतानाही थोडा विचार करा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले, तर मध्ये हवा अडकते आणि ऊब जास्त मिळते. आत सुती झंपर, वर पुढून बटणं असलेला स्वेटर, कानाला रुमाल. फडात काम करून अंग तापलं की स्वेटर चटकन काढता येतो. चुलीपाशी मात्र बाह्या वर सारा, पदर खोचा, अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर काढून ठेवा.

आणि कपड्याने पेट घेतलाच, तर पळू नका. जमिनीवर लोळा. दुसरीने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकून आग विझवावी. भाजल्या जागी वीस मिनिटं साधं गार पाणी ओता. चिकटलेलं कापड ओढू नका, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या गटाच्या बैठकीला प्रत्येकीने पोरांच्या स्वेटरमधला एकेक धागा आणा. सगळ्या मिळून पारखून बघा, म्हणजे कुठला स्वेटर शेकोटीपासून लांब ठेवायचा हे त्याच दिवशी कळेल.