गुप्तधन, होकायंत्र आणि आपला ठावठिकाणा

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी एक वेगळेच दृश्य दिसत होते. अंधार पडला की आसपासच्या गावांतील माणसे विजेऱ्या आणि कुदळी घेऊन शेतांत उतरत व माती उकरत. काहींच्या हातात धातुशोधक यंत्रेही होती. ‘छावा’ या चित्रपटात बऱ्हाणपूरच्या मुघल खजिन्याचा उल्लेख होता. त्यातून या शेतांत सोन्याची नाणी सापडतात अशी अफवा उठली, मोबाइलवरून चित्रफिती फिरल्या आणि गर्दी वाढली. दुसऱ्याच्या शेतात खड्डे पडले. पोलिसांना आणि प्रशासनाला लक्ष घालावे लागले.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी ती जुन्या खानदेशची राजधानी. रावेरहून ते हाकेच्या अंतरावर आहे. शिवाय खानदेशात अशी ‘संशयित’ ठिकाणे थोडी नाहीत. फारुकी राजांचे थाळनेर, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, तापी-गिरणेच्या काठची पांढरीची टेकाडे, या प्रत्येक ठिकाणी कुठेतरी हंडा पुरला आहे अशी गोष्ट सांगितली जातेच. पूर्वी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते अशी समजूत होती. आता अंजनाची जागा मोबाइलमधील ‘मेटल डिटेक्टर’ नावाच्या अ‍ॅपने घेतली आहे. ही अ‍ॅप फुकट मिळतात आणि आपले विद्यार्थी ती हौसेने उतरवून घेतात.

म्हणून शिक्षकांनी दोन प्रश्न नीट समजून घ्यायला हवेत. या अ‍ॅपने खरेच धन सापडते का? आणि शोध चालू असताना फोन आणखी काय काय टिपून ठेवतो?

फोनमध्ये असते ते होकायंत्र

नकाशा पाहताना दिशा कळावी म्हणून बहुतेक स्मार्टफोनमध्ये एक चिमुकला चुंबकत्वमापक बसवलेला असतो. तो तीन दिशांनी चुंबकीय क्षेत्र मोजतो. हे क्षेत्र मायक्रोटेस्ला या एककात सांगतात. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास असते. जवळ लोखंड आले की हा आकडा बदलतो. अ‍ॅप एवढेच करते: आकडा बदलला की ‘टीं टीं’ वाजते.

लोखंडाचा हा परिणाम चांगलाच त्रासदायक असतो. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरल्यावर त्या प्रवाहांनी मोजमापे बिघडतील, हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले.

आता सोन्याचा विचार करू या. सोने, चांदी आणि तांबे यांच्यामुळे जवळच्या चुंबकीय क्षेत्रात फोनला जाणवेल एवढा फरक पडत नाही. मुघलांची नाणी कशाची होती? मोहर सोन्याची, रुपया चांदीचा आणि दाम तांब्याचा. म्हणजे मोहरांनी भरलेला हंडा पायाखाली असला तरी फोन गप्प राहील. उलट नांगराचा मोडका फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव किंवा बैलाचा नाल असला तर तो वाजेल. एवढेच नव्हे, खानदेशातील काळ्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे नुसत्या धोंड्यानेही आकडा थोडाफार हलू शकतो.

वर्गात करण्यासारखा प्रयोग

चुंबकीय क्षेत्राचा आकडा दाखवणारे अ‍ॅप असलेला एक फोन घ्यावा. तो टेबलावर, लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवावा आणि आकडा लिहावा. मग एकेक वस्तू जवळ आणावी: लोखंडी खिळा, तांब्याची तार, पितळी वाटी, अ‍ॅल्युमिनियमचा डबा, सध्याचे स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे. कोणत्या वस्तूने आकडा हलतो, याचा तक्ता मुलांनीच करावा. एखाद्या बाईंच्या हातातील सोन्याची अंगठीही जवळ नेऊन पाहता येईल. सोन्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावच्या मुलांना ही अंगठी ‘सापडत नाही’ याची विशेष गंमत वाटेल.

दुसरा भाग अंतराचा. एक लहान चुंबक फोनपासून १०, २० आणि ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवून आकड्यातील फरक नोंदवावा. (चुंबक फोनला अगदी टेकवू नये.) अंतर दुप्पट झाले की लहान चुंबकाचा परिणाम अर्धा नव्हे, तर जवळजवळ एक अष्टमांश होतो. अंतर तिप्पट झाले की सुमारे एक सत्तावीसांश उरतो. यावरून मुलांच्या लक्षात येईल की लोखंडी खिळासुद्धा हातभर मातीखाली गेला की फोनच्या हिशेबी तो नसल्यासारखाच.

खरे धातुशोधक यंत्र वेगळ्या तत्त्वावर चालते. त्याच्या तळाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलता विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे जवळच्या कोणत्याही धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र यंत्र ओळखते. म्हणून त्याला सोने-तांबेही कळते. पण त्यालाही मर्यादा आहे. नाण्याएवढी वस्तू ते वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंत ओळखते. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी अशाच तत्त्वाच्या यंत्राने शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. पलंगाच्या गादीतील धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात.

फोनला आपली जागा कशी कळते

फोनला सोने सापडत नाही, पण स्वतःची जागा मात्र उत्तम सापडते. जी. पी. एस. यंत्रणेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत ‘मी अमुक उपग्रह, माझ्या घड्याळात आता इतके वाजले’ असा संदेश पाठवतात. तो येथे पोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश कोणत्या क्षणी आले, यावरून फोन आपली जागा गणिताने काढतो. उघड्या माळावर ती साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उपग्रह आपल्याला ‘पाहत’ नाहीत. आकाशवाणी केंद्राला जसा त्याचा श्रोता माहीत नसतो, तसा उपग्रहालाही फोन माहीत नसतो. फोन फक्त ऐकतो. माहिती फुटते ती पुढच्या पायरीवर. फोनमधील अ‍ॅप ही जागा साठवते आणि इंटरनेटवरून कुठेतरी पाठवते.

ज्या देशांत धातुशोधन हा छंद आहे, तेथे लोक माग नोंदवणारी अ‍ॅप वापरतात. शेताचा कोणता पट्टा चालून झाला आणि कोणती वस्तू कुठे मिळाली, हे नकाशावर राहते. त्यांच्या कामाला जागेची नोंद लागते. परंतु खिशातल्या फोनवर नुसती ‘टीं टीं’ करणाऱ्या अ‍ॅपला आपल्या जागेची काहीच गरज नसते. तरीही एखादे अ‍ॅप जागेची परवानगी मागते, तेव्हा ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारायला मुलांना शिकवावे.

दशांश चिन्हापुढचे अंक

जागेची माहिती किती बारीक असते, हे गणिताच्या तासाला छान दाखवता येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. जळगावचे रेखांश सुमारे ७५.५६ आणि धुळ्याचे ७४.७८. या फरकावरून दोन शहरांमधील सरळ अंतर ८० किलोमीटरच्या आसपास येते, हे मुले स्वतः काढतील.

आता दशांश चिन्हापुढे एकेक अंक वाढवत जावे. अक्षांशात दोन अंक दिले तर जागा सुमारे एक किलोमीटरपर्यंत कळते, म्हणजे गाव किंवा शिवार कळले. चार अंक दिले तर ११ मीटर, म्हणजे घर कळले. पाच अंक दिले तर सुमारे एक मीटर, म्हणजे कोणत्या झाडाखाली ते कळले. कॅमेऱ्यात जागेची नोंद चालू असेल तर प्रत्येक छायाचित्राच्या पोटात हे सगळे अंक लपलेले असतात. सापडलेल्या नाण्याचे छायाचित्र मूळ फाइल म्हणून पाठवले, तर नाण्याबरोबर खड्ड्याचा पत्ताही जातो.

नाव काढून टाकले की माणूस सुरक्षित झाला, असेही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांत नावे नव्हती. तरीही कोणत्याही व्यक्तीची वेळेसह चार ठिकाणे ठाऊक असली, तर शेकडा ९५ व्यक्तींचा माग बाकी सर्वांच्या मागांतून वेगळा काढता येत होता. कारण सोपे आहे. रोजचा माग जेथे सुरू होतो आणि संपतो ते घर, आणि दिवसभर जेथे थांबतो ती शाळा. घर केव्हा रिकामे असते, हेही त्यातच आले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्ट्रावा’ या व्यायामाच्या अ‍ॅपने लोकांच्या धावण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यातही नावे नव्हती. पण जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की ओसाड प्रदेशांतील लष्करी तळ त्यात उजळून दिसत आहेत. सैनिक तळाभोवती धावत होते आणि त्यांच्या मागाने तळाची आकृती काढून दिली होती. त्याच २०१७ सालच्या २४ ऑगस्टला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आपला ठावठिकाणा हा त्या खासगीपणाचाच भाग आहे.

जागा हरवली की काळ हरवतो

मग जागा नोंदवूच नये काय? तसे मुळीच नाही. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा जागा मोलाची असते. गिरणाकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे येथे १९५० च्या दशकात उत्खनने झाली. तेथे मातीचे थर, त्यातील खापरे, राख, हाडे यांच्या क्रमावरून खानदेशात तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी माणसे कशी राहत, हे कळले. हे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात. सोन्याच्या आशेने मारलेला एक खड्डा सगळी पाने एकमेकांत मिसळून टाकतो.

याचे ठळक उदाहरण खानदेशाच्या दक्षिणेला, प्रवरा नदीकाठी दायमाबादला आहे. १९७४ मध्ये तेथे झाडाचे मूळ खणताना स्थानिकांना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक. त्या शास्त्रीय उत्खननातून आल्या नव्हत्या. नेमक्या कोणत्या थरात होत्या, हे कोणी पाहिलेच नव्हते. नंतर तेथे उत्खनन करणारे डॉ. शां. अ. साळी यांनी त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानल्या. तर डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक घडणीवरून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असे मत मांडले. मूर्ती हाती आहेत, पण त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. ज्यांनी त्या खणून काढल्या त्यांचा यात काही दोष नाही, कारण त्या अवचित मिळाल्या होत्या. पण मुद्दाम खणणाऱ्यांना ही सबब नाही.

कोणाला, किती सांगावे

तेव्हा प्रश्न जागा नोंदवावी की नाही हा नसून ती कोणाला आणि किती बारकाईने सांगावी, हा आहे. इंग्लंडमध्ये हौशी शोधकांना मिळालेल्या वस्तूंची सरकारी योजनेत नोंद होते. अभ्यासकांसाठी अचूक जागा जपून ठेवतात, पण सर्वसामान्यांना साधारण एक किलोमीटरचा चौकोनच दाखवतात. नाहीतर रात्री चोरून खणणारे तेथे पोचतात. असीरगडच्या शेतमालकांना याचा अर्थ सांगायला नको.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती कोणती, कुठे आणि केव्हा सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हा कायदा सापडवणाऱ्याला चोर समजत नाही. धनावर कोणाचा हक्क शाबीत झाला नाही, तर शोधणाऱ्याला व जमीनमालकाला त्यात वाटा देण्याची तरतूद त्यात आहे. लपवणाऱ्याला मात्र शिक्षा आहे. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणे हा तर गुन्हाच. गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी घातली आहे.

वर्गात मुलांना पुढील गोष्टी सांगाव्यात:

१. शेतात जुने नाणे किंवा खापर दिसले तर पुढे खणू नये. जागेची खूण वहीत लिहावी आणि शिक्षकांना सांगावे. शिक्षकांनी तलाठी किंवा तहसील कार्यालयामार्फत कळवावे. तेथे जागा पूर्ण व अचूक द्यावी.

२. मित्रांच्या गटात छायाचित्र टाकायचेच असेल तर जागेची नोंद बंद करून काढावे आणि फार तर तालुक्याचे नाव द्यावे. शेत दुसऱ्याचे असेल तर त्याला आधी विचारावे.

३. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला जागा कळते, याची यादी पाहावी. नकाशाला ती लागते, पण ‘वापरत असतानाच’ एवढी परवानगी पुरते. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे जागा पुरते. धातुशोधक, विजेरी आणि गणनयंत्र यांना ती मुळीच लागत नाही.

ही यादी मुलांनी घरच्या मोठ्यांच्या फोनवर, त्यांच्यासमोर बसून करावी. प्रत्येक अ‍ॅपपुढे ‘गरज आहे’, ‘अंदाजे पुरे’ आणि ‘गरज नाही’ असे तीन रकाने आखावेत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांच्या तक्त्यांची बेरीज मांडावी.