अर्जातलं एवढं एक वाक्य सांभाळा!

मुलं शाळेत रुळली, दुपार मोकळी मिळू लागली, की मीरा रोड-भाईंदरच्या कितीतरी गृहिणींच्या मनात पुन्हा नोकरीचा विचार येतो. चर्चगेटच्या लोकलची गर्दी नको, म्हणून शाळा, दवाखाना, पतपेढी किंवा भाईंदरच्या एखाद्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याचं ऑफिस असं जवळचंच काही शोधलं जातं. अर्ज मात्र इंग्रजीत! आणि त्यात हमखास एक वाक्य असतं : ‘आय अॅम वेल व्हर्स्ड विथ अकाउंट्स.’

मैत्रिणींनो, इथे ‘विथ’ नको, ‘इन’ हवं. ‘वेल व्हर्स्ड इन अकाउंट्स’ हे शुद्ध इंग्रजी. आपल्याकडे ऑफिसांतूनही ‘विथ’ सर्रास ऐकू येतं, म्हणून ते खटकत नाही, एवढंच. आणि शेवटचा ‘ड’ गाळू नका बरं का! नुसतं ‘व्हर्स’ म्हणजे कविता.

हे लक्षात कसं ठेवायचं? आपली मराठीच मदतीला येते. ‘ती हिशेबात तरबेज आहे’, ‘स्वयंपाकात पारंगत आहे’ असं आपण म्हणतो. जिथे ‘त’, तिथे ‘इन’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही एखाद्या कामात गुंतलेलं असणं असाच आहे. पण ‘कॉम्प्युटरशी परिचित’ म्हणताना ‘शी’ येतो. तिथे ‘विथ’ : ‘फॅमिलिअर विथ कॉम्प्युटर्स’. ‘कॉन्व्हर्संट’ या शब्दालाही ‘विथ’च लागतं.

याहून महत्त्वाचं पुढेच आहे. ‘वेल व्हर्स्ड’ म्हणजे चांगलं मुरलेलं ज्ञान, तोंडओळख नव्हे. टॅलीचा नुसता क्लास केला असेल, तर ‘फॅमिलिअर विथ टॅली’ एवढंच लिहा. मुलाखतीत जीएसटीची नोंद करायला सांगितली, तर फजिती नको!

उलट, जे खरोखर येतं ते लपवू नका. सोसायटीचा हिशेब पाच वर्षं चोख ठेवला असेल, तर तसं स्पष्ट लिहा. मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषांत गिऱ्हाइकाशी बोलता येत असेल, तर तेही लिहा. आपल्या भागात त्याला मोल आहे.

अर्ज धाडण्याआधी ते वाक्य एकदा मराठीत म्हणून बघा. ‘त’ आला तर ‘इन’, ‘शी’ आला तर ‘विथ’. मग बिनधास्त सही करा!