विकीचे साचे व शकनिर्णय : मर्यादा आणि त्यांवरील उपाय

आपल्यांपैकीं कित्येक संग्राहक अलीकडे आपल्या पोथ्यांच्या व रुमालांच्या याद्या विकीवर ठेवूं लागले आहेत. प्रत्येक पोथीचा शक, संवत्सर, लेखक व लेखनस्थळ हीं कलमें एकाच ठशाचीं असल्यामुळें तीं ‘साचा’ नामक यंत्रणेनें छापणें सोयीचें पडतें. परंतु या यंत्रणेच्या मर्यादा न जाणतां तिजवर विसंबल्यास यादींत चुकीचीं वर्षें शिरतात, आणि असलेली पोथी नसल्याचें नमूद होतें. म्हणून त्या मर्यादा कोणत्या, व त्यांतून वाट कशी काढावी, याचा खुलासा प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाणिनीय परिभाषेंत बोलावयाचें तर साचा म्हणजे ‘आदेश’ होय. दुहेरी महिरपी कंसांत साच्याचें नांव लिहिलें कीं, तें स्थानी होऊन त्याच्या जागीं साच्याचा मजकूर येतो, व सोबत दिलेलीं मूल्यें त्या मजकुरांत ठरल्या जागीं बसतात. येथवर साम्य आहे. परंतु अष्टाध्यायींत पूर्वसूत्रांतील पद अनुवृत्तीनें उत्तरसूत्रांत उतरतें. साच्यास अशी अनुवृत्ति नाहीं. एका साच्यानें काढलेलें उत्तर शेजारच्या साच्यास ठाऊक नसतें. साच्यास स्वतःलाच पुन्हा बोलावतां येत नाहीं. तसें केल्यास यंत्र दोष दाखवून थांबतें. शब्दाचे तुकडे करण्याचें साधनही त्यांत मुळांत नव्हतें. नेहमीं लागणारा मजकूर वारंवार लिहावा लागूं नये एवढ्यासाठींच साचे निघाले. गणित व निर्णय त्यांच्याकडून करवून घेण्याची कल्पना मागाहूनची आहे.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला व मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं. २००५ च्या सुमारास ‘अमुक मूल्य दिलें असेल तरच ही ओळ दाखवावी’ एवढी साधी अटही साच्यांत सरळ लिहितां येत नसे. तेव्हां इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीं एक युक्ति काढली : मूल्य रिकामें असल्यास ती ओळ पडद्यावर लपवावयाची. परंतु ओळ पानांत असेच. अंधांस पान वाचून दाखविणारें यंत्र ती वाचीतही असे. एप्रिल २००६ मध्यें टिम स्टार्लिंग यांनीं रचलेलीं ‘पार्सर फंक्शन्स’ आलीं, आणि अट, निवड व अंकगणित हीं तीन साधनें मिळालीं. पुढें मार्च २०१३ मध्यें ‘लुआ’ नांवाची पूर्ण आज्ञाभाषा विकिपीडियास जोडण्यांत आली. ही भाषा १९९३ मध्यें ब्राझील देशांत रिओ द जानेरो येथील विद्यापीठांत जन्मली. पोर्तुगीज भाषेंत या शब्दाचा अर्थ चंद्र. तथापि स्वतःच्या यंत्रावर विकी बसविणाऱ्यास ती जोड वेगळी चालू करावी लागते, व ती भाषा शिकण्यास वेळ लागतो. सबब साध्या साच्यांनींच काम भागवूं इच्छिणाऱ्यांसाठीं आमचें पुढील विवेचन आहे.

प्रथम शकाचें उदाहरण घेऊं. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असें समजून बहुतेक जण साचा रचतात. पहिली अडचण अंकांचीच येते. गणित करणारें फंक्शन केवळ इंग्रजी अंक ओळखतें. ‘१५९६’ असें देवनागरींत दिल्यास तें दोष दाखवितें. यावर उपाय ‘फॉरमॅटनम’ नामक फंक्शनचा. विकीची भाषा मराठी ठरविलेली असल्यास तें उलट्या दिशेनें चालवून देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक होतात. बेरीज झाल्यावर त्यानेंच पुन्हा देवनागरी करावे. मात्र तें सनाच्या मध्यें स्वल्पविराम घालून ‘१,६७४’ असें छापतें; तो टाळण्याची सूचना त्यास निराळी द्यावी लागते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ रोजीं झाला. ७८ मिळवितां १६७४ येतात, तें बरोबर. परंतु पानिपतचा संग्राम शके १६८२ पौष शुद्ध ८ रोजीं झाला; त्यांत ७८ मिळवितां १७६० येतात. वास्तविक तो दिवस १४ जानेवारी १७६१ हा होय. साचा येथें कोणताही दोष दाखवीत नाहीं. चुकीचें वर्ष तो तितक्याच स्वच्छ अक्षरांत छापतो. म्हणून मास हें वेगळें मूल्य घेऊन निवडीच्या फंक्शननें तीन वाटा कराव्या. चैत्र ते कार्तिक ७८, फाल्गुनास ७९, मधल्या मार्गशीर्ष, पौष व माघ या मासांस दोन्ही वर्षें छापून पुढें प्रश्नचिन्ह. माघास बहुधा ७९ च लागू पडतात हें खरें. परंतु जुन्या ज्युलियन गणनेनें माघाचा आरंभ कधीं वर्षसंधीजवळ येतो, म्हणून सावधगिरी बरी. मास दिलेलाच नसेल तरीही दोन्ही वर्षें छापावीं. त्यापुढील निर्णय पंचांग पाहून संशोधकानें करावा. साच्यानें करूं नये.

संवत्सराच्या बाबतींत मात्र साचा चांगला साक्षीदार ठरतो. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी राहील तो प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रमांक, व बाकी शून्य राहिल्यास क्षय संवत्सर. १५९६ मध्यें १२ मिळवितां १६०८. बाकी ४८, म्हणजे आनंद. १६८२ मध्यें १२ मिळवितां १६९४. बाकी १४, म्हणजे विक्रम. दोन्ही बरोबर आहेत. साच्यांत यादी साठविण्याची सोय नसल्यामुळें साठही नांवें निवडीच्या फंक्शनमध्यें एकाखालीं एक लिहावीं लागतात. एवढा कंटाळा सोसावा. मग पुष्पिकेंतील शक व संवत्सर जुळत नसल्यास साचा आपण होऊन तसें दर्शवील, व नकलकाराचा प्रमाद चटकन् लक्षांत येईल. मात्र हा नियम दक्षिणेकडील गणनेचा आहे. नर्मदेच्या उत्तरेस बार्हस्पत्य मानानें संवत्सर निराळा येतो. काशीस लिहिलेल्या पोथीस ही कसोटी लावून नकलकारास दोष देऊं नये.

तिसरी गोष्ट अकारविल्हे यादीची. तिच्यासाठीं ग्रंथनामाचें आद्याक्षर हवें असतें. शब्द कापण्याचें साधन नसतां संपादकांनीं मौजेची युक्ति शोधिली : ‘पॅडलेफ्ट’ हें फंक्शन अंकामागें शून्यें भरण्यासाठीं आहे, रिकाम्या जागेमागें एक चिन्ह भरावयास सांगून भरण्यास शून्याऐवजीं ग्रंथनाम दिलें, तर त्याचें पहिलें चिन्ह हातीं येतें. इंग्रजीस ही युक्ति चालते. मराठींत यंत्र चिन्हें मोजतें, अक्षरें मोजीत नाहीं. त्यामुळें ‘शिवभारत’ याचें ‘श’ येतें, वेलांटी गळते. आणि ‘ज्ञानेश्वरी’ ही ‘ज’ खालीं जाऊन बसते. येथें युक्ति सोडून द्यावी व आद्याक्षर हें मूल्य यादी करणाऱ्यानें स्वहस्तें लिहावें, असें आमचें मत आहे.

आतां परिमाणाच्या मर्यादा. विकिपीडियाच्या एका पानावर साच्यांतून येणाऱ्या मजकुराची सीमा २०,९७,१५२ बाइट आहे. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापतें. म्हणजे इंग्रजीच्या तिसरा हिस्साच मजकूर आपल्या वांट्यास येतो. सीमा ओलांडल्यावर पुढील साच्यांचीं नुसतीं नांवें दिसूं लागतात. साच्यांत साचा घातल्यास तोच मजकूर पुन्हा मोजला जातो. म्हणून घडी कमी करावी व रुमालवार वेगळीं पानें करावीं. साच्याचा मजकूर पानांत कायमचा उतरवून ठेवण्याचीही सोय आहे. परंतु पुढें साच्यांत केलेली दुरुस्ती अशा पानांस पोंचत नाहीं.

याहून घातक मर्यादा ‘इफएक्झिस्ट’ या फंक्शनची. अमुक पान आहे कीं नाहीं हें तें सांगतें; परंतु विकिपीडियावर एका पानांत असे प्रश्न ५०० च विचारतां येतात. ५०१ व्या प्रश्नापासून तें सरसकट ‘नाहीं’ असें उत्तर देतें, व वाचकास त्याचा सुगावा लागत नाहीं. सहाशें पोथ्यांच्या यादींत शेवटच्या शंभर पोथ्या असून नसल्यासारख्या होतात. यावर उपाय सोपा : प्रश्न विचारूंच नये, साधा दुवा द्यावा. नसलेल्या पानाचा दुवा आपोआप तांबडा दिसतो.

तात्पर्य, ज्या मर्यादेशीं यंत्र अडून उभें राहतें ती निरुपद्रवी होय. तिच्यावर युक्ति अवश्य योजावी. जेथें तें न अडतां खोटें उत्तर देतें, तेथें युक्तीपेक्षां संशयचिन्ह अधिक मोलाचें. कसरीनें खाल्लेल्या पानाची जागा आपण नकलेंत मोकळी सोडतों, अंदाजानें भरीत नाहीं. साच्याकडूनही तेवढ्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा करावी, आणि तो प्रामाणिकपणा त्यांत घालणें हें साचा रचणाराचें काम आहे.